‘वनस्पती तूप’ : फसवणूक की दिशाभूल?

प्रश्न असा आहे : ‘वनस्पती तूप’ या नावात खोटे काहीच नाही, तो पदार्थ वनस्पतीपासूनच होतो; मग त्याला दिशाभूल करणारे नाव का म्हणावे, आणि म्हणायचेच तर ‘फसवणूक’ हा रोखठोक शब्द सोडून ‘दिशाभूल’ कशासाठी?

आधी दुसरा भाग घेतो. फसवणुकीला फसवणारा लागतो आणि त्याचा हेतूही सिद्ध करावा लागतो. जुन्या भारतीय दंडसंहितेच्या शासकीय मराठी अनुवादात तिला ‘ठकवणूक’ म्हटले आहे, त्यात तर ठक समोर उभाच राहतो. दिशाभूल ‘केली’ही जाते आणि नुसती ‘होते’ही, रानात चकवा लागलेल्या माणसाची दिशाभूल कोणी केलेली नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हीच बाजू धरली आहे. वस्तूचे स्वरूप, घटक, प्रमाण किंवा दर्जा यांबद्दल ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असला तरी तेवढ्याने जाहिरात दिशाभूल करणारी ठरू शकते. तेव्हा हा शब्द कानाला सौम्य वाटला तरी त्याचे जाळे अधिक रुंद आहे.

आता नाव. मनुस्मृतीत फुलावाचून फळणाऱ्या वृक्षांना वनस्पती म्हटले आहे, म्हणजे वड-उंबर. शाळेच्या पुस्तकात गवतापासून माडापर्यंत सगळेच वनस्पती. वाण्याच्या दुकानात मात्र वनस्पती म्हणजे निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून घट्ट केलेले तेल, ज्याला १९३७ पासून एका डब्यामुळे घरोघर ‘डालडा’ म्हणू लागले. खरी अडचण ‘तूप’ या दुसऱ्या पदात आहे. तूप लोणी कढवूनच होते. (‘लोणकढी थाप’ही त्याच कढईतली, पण तिची चर्चा पुन्हा केव्हातरी.) हा पदार्थ तुपासारखाच थिजणारा आणि रवाळ बनवला गेला, आणि दिसण्यावरून नाव पडले. माझी आजी बोटभर तूप तळहातावर चोळून पाही : साजूक असेल तर हाताच्या उबेने विरघळून वास सुटे, एरवी नुसता चिकटा राही. कायद्यालाही असा एक तळहात हवा होता, म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले गेले. तिळाच्या तेलाला रासायनिक चाचणीत लालसर रंग येतो आणि तुपातली भेसळ उघडी पडते. गंमत ‘साजूक’ची आहे. त्याचा मूळ अर्थ ‘ताजे’ एवढाच, पण आज तो शब्द ‘डालडा नव्हे’ हे सांगण्यासाठीच राबतो. खऱ्या तुपालाच ओळख सांगत फिरावे लागले.

‘शब्दाचा अर्थ तर बरोबर आहे’ हा बचाव न्यायालयांना नवा नाही. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांतील साम्यावरून झालेल्या वादात, एक अमृताची धारा आणि दुसरी लक्ष्मणाची, तेव्हा घोटाळा होणार नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाला वाटले होते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. बेतास बात बुद्धीचे, बेसावध आणि नाव अर्धवट आठवणारे गिऱ्हाईक शब्दाची फोड करीत बसत नाही, असे त्या निकालाचे म्हणणे आहे. (तरीही लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण तिचा वापर वर्षानुवर्षे मुकाट्याने चालू दिला गेला होता.) व्युत्पत्ती काढण्यात रमणाऱ्या आपल्यासारख्यांना हा निकाल थोडा झोंबतो, पण दुकानाच्या फळीसमोर आपणही फोड करीत नाही.

‘वनस्पती’चा दुकानी अर्थ किती घट्ट बसला आहे हे २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दिसले. अमूलच्या जाहिरातीत फ्रोझन डेझर्टचा (दुधाऐवजी वनस्पतिजन्य स्निग्धांश वापरलेल्या, आइस्क्रीमसारख्या पदार्थाचा) संबंध वनस्पतीशी जोडला होता; तो पदार्थ बनवणाऱ्या हिंदुस्थान युनिलिव्हरचे म्हणणे पडले की आपल्या उत्पादनात वनस्पतिजन्य स्निग्धांश आहे, ‘वनस्पती’ नाही. न्यायालयाने त्या जाहिरातींना मनाई केली. शब्दकोश उघडला तर दोन्हींत फरक सापडायचा नाही. ग्राहकाच्या डोळ्यांपुढे मात्र एका शब्दाने तेल येते आणि दुसऱ्याने डालड्याचा डबा.

म्हणून लिहिताना ‘तूप’ गाळून नुसते ‘वनस्पती’ लिहावे, आणि वाक्यात झाडाझुडपांचा उल्लेख जवळपास असेल तर सरळ ‘डालडा’ लिहावे.