पद्मिनीचा कार्बोरेटर सारखा ओव्हर होतो. दोनदा किट बदललं तरी प्लग ओलेच. आता काय करावं?

तुमचं वर्णन वाचून हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी मी अगदी हेच लिहिलं असतं. तुमच्या आजोबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी, आठवड्यातून एकदा बाहेर निघते, पंधरा-वीस किलोमीटर फिरून आली की बॉनेटखालून पेट्रोलचा वास, मग पुन्हा सेल्फ मारला तर घेत नाही, आणि प्लग काढावेत तर ओलेचिंब. मेकॅनिकने दोनदा किट (म्हणजे सुई, वॉशर, पॅकिंगचा संच) टाकलं, आता म्हणतो कार्बोरेटरच बदला. माझी गाडी १९७९ची. मी तर तीन किटं टाकून बसलो होतो.

कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, इतक्यात बदलू नका. या गाड्यांचा सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर म्हणून आज बाजारात जो ‘नवा’ मिळतो, तो बऱ्याचदा कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा, धुऊन चकाचक केलेला असतो. म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घ्यायचं.

मला यातून सोडवलं ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांचा सगळा जन्म मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट (म्हणजे आपली पद्मिनीच) दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरला हातसुद्धा लावला नाही. फक्त विचारलं, “गळतं कधी? गाडी चालू असताना, बंद केल्या केल्या, की चहा पिऊन आल्यावर?” मला उत्तर देता आलं नाही. तीन किटं बदलणाऱ्या आमच्या मेकॅनिकनेही ते कधी पाहिलं नव्हतं. तुमच्या प्रश्नातही नेमकं तेवढंच राहून गेलंय, म्हणून आधी ते बघा.

कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर म्हणजे गच्चीवरची टाकी आणि फ्लोट म्हणजे तिच्यातला बॉलकॉक. पेट्रोल वर आलं की फ्लोट उचलला जातो, तो सुईला वर ढकलतो आणि येणारं पेट्रोल बंद होतं. ही पातळी घशात पेट्रोल सोडणाऱ्या मधल्या नळीच्या तोंडापेक्षा जराशी खाली राहायला हवी. ती तीन-चार मिलिमीटर जरी चढली, तरी पेट्रोल आपोआप इंजिनात ओघळू लागतं. यालाच आपण ओव्हर होणं म्हणतो.

आता एअर फिल्टरचा डबा काढा, गाडी गरम होऊन स्लोवर चालू असताना टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघा. (टॉर्चनेच. मोबाइल घशात पाडणारे लोक मी पाहिले आहेत. विडी-सिगरेटवाल्याला दहा फूट लांब उभं करा.) स्लोवर असतानाच मधल्या नळीच्या तोंडातून थेंब पडत असतील, किंवा गाडी बंद केल्या केल्या ठिबक सुरू होत असेल, तर पातळी चढलेली आहे. बंद केल्यावर चार-पाच मिनिटं सगळं कोरडं आणि मग बुडबुडे येऊन ठिबकायला लागलं, तर ती उष्णता. सुईचा त्यात काही दोष नाही. आणि दोन्ही वेळा घसा कोरडा पण प्लग ओले, तर चोकची वायर पूर्ण मागे जाते का ते बघा, आणि त्यानंतर ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर. ठिणगी मेली तरी प्लग भिजतात आणि शिव्या कार्बोरेटर खातो.

पहिल्या प्रकारात वरचं झाकण उघडा. सोलेक्समध्ये सुईचा व्हॉल्व्ह झाकणात असतो आणि फ्लोट खाली वाटीत. झाकण उलटं धरून सुई बोटाने अलगद दाबा आणि पेट्रोल येतं त्या नळीतून फुंकर मारा. हवा गेली तर सुई बसत नाही. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीत याचं कारण बहुधा झीज नसतं, टाकीतला गंज असतो. चिमूटभर लाल पूड सुईखाली अडकली की नवं किटसुद्धा दोन दिवसांत जुनं. म्हणून वाटीच्या तळाशी काय साचलंय ते आधी बघा, लगेच धुऊन टाकू नका. लाल गाळ दिसला तर टाकी उतरवून साफ करायची आणि टाकी आणि इंजिनवरचा पेट्रोल पंप यांच्यामध्ये एक पारदर्शक फिल्टर घालायचा. त्याला शंभर-दोनशे रुपये पुरतात.

मग फ्लोट. पितळी असेल तर कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फुटलाय. शंका असली तर गरम पाण्यात बुडवा, बारीक भोकातून बुडबुडे येतात. डाग मारून (सोल्डर करून) बुजवता येतो, पण डागाने वजन वाढतं आणि जड फ्लोट उशिरा उचलला जातो, म्हणजे पातळी पुन्हा वर. शिवाय आत पेट्रोलची वाफ असताना त्याच्याजवळ तापलेलं सोल्डरिंग आयर्न नेणं म्हणजे आगीशी खेळ. फ्लोट बदला.

तिसरी गोष्ट किटवाले कधीच सांगत नाहीत. व्हॉल्व्हखाली जो वॉशर असतो, तो केवळ गळती थांबवायला नाही. पातळी त्यावरच ठरते. वॉशर जाड असला तर व्हॉल्व्ह फ्लोटच्या जवळ येतो, सुई लवकर बंद होते आणि पातळी खाली राहते. पातळ असला तर उलटं. किटमध्ये येणारा वॉशर मूळच्या जाडीचाच असेल याची काही खात्री नाही. जुना फेकू नका, दोन्ही शेजारी ठेवून बघा. व्हॉल्व्हच्या अंगावर भोकाचं मापही कोरलेलं असतं, तेही जुन्याशी जुळवा.

हे सगळं माझ्या गाडीत ठीक निघालं. तरी गळत होतं. तेव्हा मिस्त्रींनी बोट दाखवलं ते इंजिनवरच्या पेट्रोल पंपाकडे. “हा कधी बदलला?” आठ महिन्यांपूर्वी. “आणि गळायला कधीपासून लागलं?” साधारण... आठ महिने. मी गप्प.

पद्मिनीचा पंप इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालतो. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये पॅकिंग असतं, आणि त्या पॅकिंगच्या जाडीवर पंपाचा दांडा किती आत दाबला जाईल ते ठरतं. पंप बदलताना आमच्याकडे एक पॅकिंग कमी पडलं होतं. दांडा जास्त हलू लागला, दाब वाढला आणि चांगली सुईसुद्धा तो दाब अडवू शकेना. मिस्त्रींनी पाइपमध्ये टी जोडून प्रेशर गेज लावला तर काटा सहा पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर. या कार्बोरेटरला तीन-साडेतीन पुष्कळ. दोन पॅकिंगं वाढवली, काटा साडेतीनला आला, ठिबक थांबली. खर्च चाळीस रुपये, अधिक पुण्याच्या नाना पेठेत पॅकिंग शोधत घालवलेली एक दुपार. तुमच्या गाडीला कुणी इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर आधी तोच तपासा. इंजेक्शनच्या (आजच्या, कार्बोरेटर नसलेल्या) गाडीचा पंप इथे चालतच नाही, त्याचा दाब कितीतरी पट असतो.

ठिबक उशिरा सुरू होत असेल तर प्रकरण निराळं. पेट्रोलमधला हलका भाग चाळीसेक अंशाला उकळायला लागतो. गाडी चालू असते तोवर पंख्याची हवा आणि आत येणारं थंड पेट्रोल वाटी निववत असतं. बंद केलीत की इंजिनची सगळी धग वर चढते. बोरघाट चढून खंडाळ्याला वडापावसाठी थांबलेल्या फियाटवाल्यांना विचारा. कार्बोरेटरखालचा, धग अडवणारा जाड बॅकेलाइटचा ठोकळा जागेवर आहे का ते बघा. कुणीतरी तो काढून कागदी पॅकिंगवर भागवलेलं असतं. पेट्रोलचा पाइप गरम भागाला टेकत असेल तर लांब न्या. आणि चढ संपल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर स्लोवर ठेवा.

पेट्रोलचंही सांगायला हवं. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, आणि आपल्या गाड्या त्या हिशेबाने बनलेल्याच नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुना रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगवतं, आणि टाकीच्या भिंतीला चाळीस वर्षं चिकटलेला गाळ सोडवून थेट सुईकडे पाठवतं. रबरी टोकाची सुई असेल तर ती इथेनॉल सोसणाऱ्या रबराची मागा, पाइप इंजेक्शनच्या गाड्यांना लागतो त्या दर्जाचा घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

रस्त्यात ओव्हर झालीच तर? चोकचा नॉब पूर्ण आत, म्हणजे चोक बंद. अॅक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबा आणि तसाच धरून ठेवा. सारखा दाबू-सोडू नका, प्रत्येक दाबाला आत आणखी एक पिचकारी जाते. आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. नाही घेतली तर दहा मिनिटं बॉनेट उघडं ठेवून थांबा. तरीही नाही, तर प्लग काढून पुसा, आणि उघड्या भोकांनी सेल्फ मारण्याआधी कॉइलची बारीक वायर काढा, नाहीतर बाहेर उडालेल्या पेट्रोलला ठिणगी आयती मिळेल. गाडीत अग्निशामक नसेल तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी तो घ्या.

मिस्त्री शोधायला वेळ लागेल, हे मान्य. कुर्ल्यात बनलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या टॅक्सीतूनही गेली, आणि तिच्याबरोबर ते हातही पांगले. तरी मुंबईत ऑपेरा हाउसच्या किंवा पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्याला विचारा; सामान नसलं तरी माणूस त्याला ठाऊक असतो.

आणि हो, आजच डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी भरली त्यापेक्षा वर दिसली, तर सिलिंडरवरून ओघळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय. ठिबक बंद होईपर्यंत गाडी चालवू नका, आणि बंद झाली की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. ते पातळ ऑइल बेअरिंगं खातं, आणि ती बनवून घ्यायला पॅकिंगच्या चाळीस रुपयांत भागत नाही.