प्रेत पहिल्यांदा पाहणाराच खुनी असेल का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लंडनमध्ये १८८८ साली व्हाइटचॅपल भागात झालेल्या, ‘जॅक द रिपर’ या नावाने गाजलेल्या खुनांवरचा एक व्हिडिओ मुलाने मोबाईलवर दाखवला. ज्या गाडीवानाने पहाटे त्यातल्या एका बाईचं प्रेत पहिल्यांदा पाहिलं त्यानेच तिला मारलं, अन् नावही खोटं सांगितलं, असं त्यात म्हणतात. मला तर पटलं. खरं काय?
— एक वाचक, घाटंजी तालुका (जि. यवतमाळ)

उत्तर : असू शकतो का, तर हो. होता का, तर आज हाती असलेल्या कागदांवरून तसं म्हणता येत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की असे व्हिडिओ पटायला लागतात.

तारीख ३१ ऑगस्ट १८८८, शुक्रवारची पहाट, जागा बक्स रो नावाची अंधारी गल्ली. मेलेली बाई मेरी ॲन निकोल्स, वय ४३. गाडीवान चार्ल्स क्रॉस, पिकफर्ड्स या मालवाहतूक कंपनीचा नोकर. आपल्याकडचा बंडीवालाच, फक्त बैलांऐवजी घोडे. डव्हटन स्ट्रीटवरच्या २२ नंबरच्या घरातून निघून चार वाजेपर्यंत त्याला ब्रॉड स्ट्रीटच्या मालधक्क्यावर पोहोचायचं होतं. वाटेत फाटकापाशी ताडपत्रीसारखं काहीतरी पडलेलं दिसलं, रस्त्याच्या मध्यापर्यंत गेल्यावर ती बाई असल्याचं कळलं, आणि तेवढ्यात मागून साधारण चाळीस यार्डांवर पावलं वाजली, असं त्याने मृत्यूच्या चौकशीत शपथेवर सांगितलं. येणारा रॉबर्ट पॉल, तोही गाडीवान. पॉलने क्रॉसला पाहिलं ते रस्त्याच्या मधोमध उभा असताना, प्रेतावर वाकलेला नव्हे.

आता वेळेचा हिशोब मांडा, कारण सगळा संशय त्यावरच उभा आहे. घर ते बक्स रो सात-आठ मिनिटांची चाल. क्रॉस घरून ३:३० ला निघाला असेल तर ३:३८ च्या आसपास तिथे पोहोचतो, आणि पॉल येईपर्यंत हाती उरतात दोनेक मिनिटं. ३:२० ला निघाला असेल तर दहा मिनिटं जादा सापडतात. गंमत अशी की त्याच साक्षीच्या बातमीत एका वर्तमानपत्राने ३:३० छापलं, दुसऱ्याने ३:२०. संशय घेणाऱ्यांची ‘हरवलेली मिनिटं’ इथूनच निघतात.

दुसऱ्या टोकाची अडचण याहून मोठी. गस्तीवरचा शिपाई नील म्हणतो, मला प्रेत ३:४५ ला सापडलं. शिपाई मिझेन म्हणतो, पोलिसाला सांगायला निघालेले हे दोन गाडीवान मला ३:४५ ला भेटले. पॉल म्हणतो, मी त्या गल्लीतून पावणेचारलाच गेलो. या तीन गोष्टी एकाच मिनिटाला घडणं शक्य नाही, मध्ये काही मिनिटांची चाल आहे, आणि घड्याळ मात्र तिघांचं एकच! म्हणजे तिघांनीही वेळ पाव तासाला टेकवून सांगितली. चौकशी करणाऱ्या कॉरोनर बॅक्स्टरने सगळं ताडून प्रेत ३:४० च्या आगेमागे सापडलं असं ठरवलं. जिथे साक्षच पाव तासाने मोजलेली आहे तिथे पाच मिनिटांचा फरक काढून कोणाला फासावर देता येत नाही.

हे स्वतः करून पाहा. भल्या पहाटे घरापासून गावकुसाबाहेरच्या एखाद्या खुणेपर्यंत चालत जा, वाटेत तीन ओळखीची माणसं भेटतील असं बघा आणि दोन दिवसांनी त्यांना विचारा, मी किती वाजता गेलो होतो. मग एका कागदावर दोन रकाने पाडा : घड्याळ पाहून सांगितलेली वेळ आणि अंदाजाने सांगितलेली वेळ. पहिला रकाना बहुतेक कोराच राहील. बक्स रोच्या साक्षी याच तऱ्हेने वाचायच्या असतात.

नावाचं म्हणाल तर त्याचं कागदोपत्री नाव चार्ल्स ॲलन लेचमिअर होतं हे खरं. पण क्रॉस हे त्याच्या सावत्र बापाचं आडनाव, तो बाप पोलिसात होता, आणि १८६१ च्या जनगणनेत हा मुलगा क्रॉस म्हणूनच नोंदलेला आहे. शिवाय त्याने घराचा पत्ता आणि मालकाचं नाव दोन्ही खरं सांगितलं. लपायचं असतं तर पत्ता बदलला असता. तो कामाचं तरटाचं एप्रन तसंच बांधून चौकशीला आला होता, असंही एका वर्तमानपत्रात आहे.

आमच्या मते खरा अडखळणारा मुद्दा एकच आहे, तो मिझेनचा. “तिकडे एका पोलिसाला तुम्ही हवे आहात” असं क्रॉसने सांगितलं, असं मिझेनने शपथेवर म्हटलं. तेव्हा तर तिथे कोणताच पोलीस नव्हता. ज्युरीतल्या एकाने क्रॉसला हेच विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी पोलीस पाहिलाच नाही तर सांगेन कसा. मिझेन खरं बोलत असेल तर ही थाप मारून गाडीवान चौकशीविना सटकला असा अर्थ निघतो. पण मिझेन तिथे पोहोचला तेव्हा नील आधीच उभा होता, त्यामुळे मागाहून आठवताना दोन गोष्टींची सरमिसळ होणं अगदी शक्य आहे. हा मुद्दा उघडाच राहतो, त्यावरून निकाल लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी घालून दिली आहे. प्रत्येक दुवा सिद्ध झालेला हवा, ‘असेल’ चालत नाही, ‘आहेच’ लागतं. साखळी पूर्ण हवी. आणि आरोपी निर्दोष असण्याची दुसरी कोणतीही वाजवी शक्यता उरता कामा नये. क्रॉस या कसोटीवर पहिल्याच पायरीला सुटतो.

प्रश्न : पण पोलीस आले तेव्हा गळ्यातून रक्त वाहत होतं म्हणतात. म्हणजे खून नुकताच झाला होता ना? मग त्या वेळी तिथे क्रॉसशिवाय कोण होतं?
— एक शिक्षिका, चिमूर (जि. चंद्रपूर)

उत्तर : नुकताच, हे बरोबर. पण किती नुकताच, ते रक्त सांगत नाही. हृदय थांबलं की दाब जातो, चिळकांड्या उडत नाहीत, तरी कापलेल्या शिरांतून रक्त उताराने झिरपत राहतं. पाच मिनिटं झाली की पंधरा, हा फरक कंदिलाच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी करता येत नाही. नीलने हात चाचपला तेव्हा तो सांध्यापासून वर चांगला गरम होता. डॉक्टर लेवेलिन चारच्या सुमारास आले, त्यांना मनगटं थंड आणि अंग गरम लागलं, आणि मृत्यूला अर्ध्या तासाहून जास्त झालेलं नाही असं त्यांनी म्हटलं. नील त्या जागेवरून आधी ३:१५ ला गेला होता. म्हणजे दुसऱ्या कोणा मारेकऱ्याला येऊन, मारून, निघून जायला भरपूर अवकाश होता.

आपल्याकडे तर हा अंदाज आणखी बिघडतो. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ वर असताना बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असते, तेव्हा प्रेत थंड होतच नाही. ‘अंग गरम होतं म्हणजे आत्ताच गेला’ हे वाक्य विदर्भातल्या उन्हाळ्यात कोणाच्याही जबाबात दिसलं तर त्यावर विसंबू नका.

प्रश्न : बाकीच्या खुनांत कोणी साक्षीदार संशयित आहे का?
— एक वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : आहे, जॉर्ज हचिन्सन. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला मिलर्स कोर्ट नावाच्या बोळात मेरी केली या बाईचा खून झाला. हचिन्सन पोलिसांकडे आला १२ नोव्हेंबरला संध्याकाळी, चौकशी आटोपल्यावर. रात्री दोनच्या सुमारास केलीला एका माणसाबरोबर पाहिलं आणि मग बाहेर पाऊण तास उभा राहिलो, असं तो म्हणाला. सारा लुईस या बाईनेही त्या सुमारास समोर उभा असलेला एक माणूस पाहिला होता. म्हणजे हा तिथे असावा. प्रश्न त्याच्या वर्णनाचा आहे : कोटाला लोकरी कातड्याची कड, मिशांना पीळ, टायला घोड्याच्या नालेची पिन, सोन्याची जाड साखळी, तिला लोंबणारा लाल खड्याचा शिक्का. एवढं सारं गॅसच्या दिव्याखाली! गावातल्या खांबावरच्या दिव्याखालून जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या शर्टाची बटणं मोजून पाहा, म्हणजे कळेल. तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर ॲबरलाइनने मात्र त्याच्यावर विश्वास ठेवला. आमच्या मते क्रॉसपेक्षा हचिन्सनकडे बोट दाखवायला जास्त जागा आहे, पण खून केल्याचा पुरावा त्याच्याही विरुद्ध नाही.

प्रश्न : आमच्याकडे शेतीची लाईन रात्री असते, ओलिताला एकटंच जावं लागतं. उद्या धुऱ्यावर प्रेत दिसलं तर सांगणाऱ्यावरच येईल या भीतीने लोक गप्प बसतात. काय करावं?
— एक शेतकरी, मेहकर तालुका (जि. बुलढाणा)

उत्तर : गप्प बसू नका. खुनाची माहिती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना देणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ प्रमाणे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. आणि गप्प बसलेला माणूस नंतर तिथे असल्याचं उघड झालं की संशय दुप्पट होतो.

श्वास चालू आहे का ते पाहण्यापुरतंच जवळ जा. चालू असेल तर आधी १०८. नसेल तर हात लावू नका, कपडे सारखे करू नका. बक्स रोला त्या दोघांनी दयेपोटी बाईचे कपडे खाली ओढले आणि पोटावरचे घाव शवागारात नेईपर्यंत कोणाच्या लक्षातच आले नाहीत. ज्या पावली गेलात त्याच पावली परत या आणि तिथूनच ११२ ला फोन करा. ती वेळ कॉलच्या नोंदीत मिनिटासकट राहते, क्रॉसकडे नेमकं तेच नव्हतं. मग पोलीस पाटलांना कळवा आणि पोलीस येईपर्यंत लांब उभे राहा.

जबाब याच संहितेच्या कलम १८० खाली घेतात, त्यावर तुमची सही घेता येत नाही. सही लागते ती पंचांची, पंचनाम्यावर. साक्षीदार म्हणून बाईमाणसाला, साठीच्या वरच्या किंवा पंधराच्या आतल्या पुरुषाला घराबाहेर हजर व्हायला लावता येत नाही. काय शिवलं, कुठे पाय पडला, चप्पल कोणती होती, सगळं आपणहून सांगा. वेळ नक्की माहीत नसेल तर ‘अंदाजे’ हा शब्द जबाबात लिहायला लावा. आणि आधारवर एक नाव, गावात हाक दुसऱ्याच नावाने, असं असेल तर दोन्ही नावं सांगा.