राज्यशास्त्रातून कायद्याकडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी बार्शी येथे एसवायबीएला असून माझा विशेष विषय राज्यशास्त्र आहे. पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेण्याचा माझा विचार आहे. बारावीनंतर लगेच पाच वर्षांचा अभ्यासक्रम न घेतल्यामुळे माझी वर्षे वाया गेली, असे घरी वारंवार ऐकावे लागते. वकिलीला कॉमर्सवालेच चालतात, असेही एका नातलगांचे मत आहे. राज्यशास्त्राचा मला पुढे खरोखर उपयोग होईल का, आणि हातात असलेल्या दीड वर्षात नेमकी कोणती तयारी करावी? माझे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे.

उत्तर : वाया गेलेल्या वर्षांचा हिशेब आधी करू. बारावीनंतरचा एकात्मिक अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. बीए आणि एलएलबी मिळून सहा वर्षे होतात. फरक एका वर्षाचा आहे, आणि वकिलीच्या व्यवसायात, जिथे पहिली काही वर्षे ज्येष्ठांच्या फायली सांभाळण्यातच जातात, तिथे या एका वर्षाने काही अडत नाही.

कॉमर्सबद्दलचे मतही नियमांत बसत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिल) २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या एलएलबीसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. अट आहे ती गुणांची. खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गासाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के. तेव्हा प्रवेशाच्या दारात कॉमर्सला जादा मान नाही, आणि हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे की राज्यशास्त्रालाही नाही. 'राज्यशास्त्र म्हणजे कायद्याची पूर्वतयारी' असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला अर्धेच खरे वाटते. एलएलबीच्या तीन वर्षांत तीसच्या आसपास विषय असतात. त्यांपैकी संविधान, प्रशासकीय कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि विधिशास्त्र येथे तुम्हाला ओळखीचे चेहरे भेटतील. राजकीय सिद्धांतात ज्या जॉन ऑस्टिन या इंग्रज विधिज्ञाचा सार्वभौमत्वाचा सिद्धांत तुम्ही पाठ केला असेल, तोच ऑस्टिन विधिशास्त्राच्या पेपरात पुन्हा समोर येतो. परंतु करार, मालमत्ता हस्तांतरण, दिवाणी प्रक्रिया संहिता, पुरावा यांच्याशी तुमच्या पदवीचा फारसा संबंध नाही आणि तिथे तुम्ही व रसायनशास्त्राचा पदवीधर एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करता.

उपयोग होतो, पण तो विषयांच्या यादीतून होत नाही; वाचनाच्या सवयीतून होतो, आणि ती सवयही थोडी मोडून पुन्हा घडवावी लागते. मी स्वतः राज्यशास्त्राची पदवी घेऊन कायद्याकडे वळले. पहिल्या सत्रातील एका अंतर्गत परीक्षेत समानतेच्या हक्कावर मी मोठ्या आत्मविश्वासाने चार पाने लिहिली होती. त्यात ग्रीक नगरराज्ये होती, फ्रेंच राज्यक्रांती होती, महात्मा फुले होते. उत्तरपत्रिका परत आली तेव्हा समासात लाल शाईने एवढेच लिहिलेले होते : "अनुच्छेद १४ कुठे आहे?" दहापैकी तीन गुण. राज्यशास्त्राने आपल्याला विषयावर बोलायला शिकवलेले असते. कायदा विचारतो की हे कोणत्या शब्दांच्या आधारावर म्हणता. उरलेल्या दीड वर्षात तुम्हाला हा एकच पूल बांधायचा आहे.

तो कसा बांधावा, हे तुमच्याच अभ्यासक्रमातील स्थानिक शासनाच्या घटकावरून सांगते. ७३ वी घटनादुरुस्ती, ग्रामसभा, महिलांचे आरक्षण हे सगळे तुम्ही वाचलेले असणार. आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ उघडा आणि सदस्यांच्या अपात्रतेचे कलम १४ काढा. त्यात पोटकलम (१) च्या खंड (ज-३) मध्ये शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलेल्या व्यक्तीला अपात्र ठरवले आहे. गावात ज्याने निवडणूक जवळून पाहिली आहे, त्याला या खंडाची ताकद सांगावी लागत नाही. निकाल लागला की हरलेल्या गटाचा पहिला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे बहुधा याच खंडाखाली जातो. प्रश्न असा की अतिक्रमण सासऱ्याने केले असेल आणि निवडून सून आली असेल, तर सून अपात्र ठरते का? म्हणजे 'अतिक्रमण केले' या दोन शब्दांचा अर्थ काय घ्यायचा?

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितले की ज्याने मूळ अतिक्रमण केले तोच अपात्र. विधिमंडळाने कुटुंबीयांचा उल्लेख केलेला नाही, तो न्यायालयाने आत घालू नये. पुढच्याच वर्षी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत चुकीचे ठरवले. अतिक्रमण चालू ठेवून त्या जागेत राहणारी व्यक्तीही त्याला जबाबदार आहे, नाहीतर तरतुदीचा हेतूच फसतो, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचांचे प्रकरण आले. त्या सासूबरोबर शासकीय जमिनीवरील घरात राहतात, असा आरोप होता. आपण पती व मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे उत्तर होते. न्यायालयाने त्यांचे पद कायम ठेवले आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला, विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रीला, पदावरून दूर करण्याचा विषय इतका हलक्याने घेतल्याबद्दल यंत्रणेला सुनावले.

ही तीन निकालपत्रे एकापुढे एक ठेवून वाचली, तर महिनाभरात तुम्हाला जे समजेल ते कोणत्याही मार्गदर्शकातून समजणार नाही. शब्दशः अर्थ लावणे म्हणजे काय, हेतू पाहून अर्थ लावणे म्हणजे काय, मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठावर कसा बंधनकारक असतो, आणि कायद्याचा अर्थ ठरल्यावरही शेवटी 'ती बाई तिथे राहते का' या साध्या वस्तुस्थितीवर खटला कसा फिरतो, हे सारे त्यांत आहे. राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तुमच्याजवळ आणखी एक गोष्ट आहे, जी बीकॉमच्या विद्यार्थ्याजवळ सहसा नसते : राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंच बाईंना खाली खेचण्याचे राजकारण कसे चालते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते ज्ञान सोडू नका; फक्त उत्तर लिहिताना कलम आधी येऊ द्या आणि समाज नंतर.

हीच पद्धत पुढे पक्षांतराच्या विषयाला लावा. संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचे नियम, १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने गेले. महाराष्ट्रातील २०२२ च्या सत्तांतरावर घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी दिलेला निकाल याच अनुसूचीभोवती फिरतो. प्रतोद (व्हिप) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा की विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्या पक्षाच्या आमदारांच्या गटाचा, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने राजकीय पक्षाच्या बाजूने दिले. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असेही म्हटले. आणि तरीही तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही, असे सांगितले. आपल्याकडे चहाच्या टपरीवर या निकालाची दोन्ही बाजूंनी विजय म्हणून वाटणी झाली, आणि टपरीपुरते ते ठीकच आहे. तुम्ही मात्र निकाल वाचून एका पानात चार गोष्टी लिहा : घटना काय घडली, प्रश्न कोणता होता, उत्तर काय मिळाले आणि त्या उत्तराला कारण कोणते दिले. तुमचे स्वतःचे मत पाचव्या परिच्छेदात, तेही दोन ओळींत. महिन्याला असा एक निकाल पुरे.

आता माध्यमाविषयी. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांचे कामकाज अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते, तर आपल्याकडील तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. वकिलाला दोन्ही लागतात. चांगली मराठी फिर्याद किंवा कैफियत लिहिणारे वकील दुर्मिळ होत चालले आहेत, हे मी रोज पाहते. म्हणून मराठी माध्यमाची खंत बाळगू नका, पण इंग्रजीला टाळूही नका. राज्य शासनाने प्रकाशित केलेली 'भारताचे संविधान' ही मराठी प्रत आणि इंग्रजी बेअर अॅक्ट (टीपांशिवाय छापलेला मूळ मजकूर) शेजारी ठेवून रोज एक अनुच्छेद दोन्ही भाषांत मोठ्याने वाचा. 'परंतुक' म्हणजे काय, हे कोशात पाहून कळत नाही. 'परंतु असे की' ने सुरू होणारे वाक्य वरच्या वाक्याचा अर्धा जोर कसा काढून घेते, हे दहा वेळा पाहिल्यावर कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांची मराठी भाषांतरे न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. भाषांतर आधी वाचून मग मूळ इंग्रजी वाचले, तर धास्ती निम्म्याने कमी होते.

राहिली सीईटी. राज्य सीईटी कक्षाच्या तीन वर्षांच्या विधी प्रवेश परीक्षेत २०२५ साली दोन तासांत १२० प्रश्न होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. त्यांत ४० प्रश्न इंग्रजीचे, ३२ सामान्य ज्ञान व चालू घडामोडींचे, आणि कायदेविषयक कल व तर्कक्षमता यांचे प्रत्येकी २४. पूर्वी ही परीक्षा १५० प्रश्नांची होती, त्यामुळे तुमच्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. इंग्रजीचा वाटा एक तृतीयांश आहे, म्हणजे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची घसरण जिथे होते ती जागा हीच. या परीक्षेसाठी शेवटचे चार-पाच महिने पुरतात. एसवायपासून क्लास लावण्याची आवश्यकता मला वाटत नाही. बाजारातून मार्गदर्शक घ्यायचेच असेल, तर त्यात भारतीय दंड संहितेची कलमे आजचा कायदा म्हणून छापलेली नाहीत ना, एवढे पाहा. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, आणि जुन्या छापाच्या प्रती अजूनही सवलतीत विकल्या जातात.

प्रश्न : माझा मुलगा अकोल्यात राज्यशास्त्र घेऊन टीवायबीएला आहे. नव्या शैक्षणिक धोरणातील ऑनर्सचे चौथे वर्ष त्याने आधी पूर्ण करावे, की लगेच कायद्याकडे जावे? पाया पक्का व्हावा म्हणून एलएलबी करतानाच बाहेरून एमए केले तर चालेल का?

उत्तर : तीन वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्यालाही पदवी मिळते आणि एलएलबीसाठी तेवढी पुरते, तेव्हा वकिलीच करायची असेल तर चौथ्या वर्षाचे प्रयोजन नाही. आपल्या मुलाला राज्यशास्त्रातच संशोधन किंवा अध्यापन करायचे असेल, तर मात्र ते वर्ष वेगळ्या कारणासाठी मोलाचे आहे, आणि हे त्याला आजच विचारलेले बरे. दुसऱ्या प्रश्नाबाबत सावध राहावे. दोन पदव्या एकाच वेळी करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मुभा दिली, हे खरे. परंतु विधिज्ञ परिषदेच्या नियम ६ प्रमाणे एलएलबीच्या विद्यार्थ्याला त्याच काळात दुसऱ्या नियमित पदवी अभ्यासक्रमाला नाव घालता येत नाही. अपवाद आहे तो भाषा, संगणक यांसारख्या अल्पकालीन प्रमाणपत्रांचा आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राने चालवलेल्या अभ्यासक्रमांचा. तेव्हा बाहेरून एमए करायचे, तर ते अशा केंद्राचेच आहे याची आधी खात्री करावी. एमए नियमित अभ्यासक्रमाचे असेल आणि वकिलीची सनद घेताना हा मुद्दा निघाला, तर तीन वर्षांची मेहनत अडचणीत येते. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी सीईटीला बसू शकतो, पण प्रवेशाच्या वेळी पदवीचा निकाल हाती असावा लागतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा एखादा विषय राहिला असल्यास तो सीईटीच्या अभ्यासाहून अधिक तातडीचा समजावा.

प्रश्न : मला न्यायाधीश व्हायचे आहे. बीए, मग एलएलबी आणि लगेच परीक्षा, असा सरळ मार्ग आहे का? (एक विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : आता तो तितका सरळ राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तरावरील दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षे वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात, आणि न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यांत धरले जाते. महाराष्ट्रात ही परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. आपल्या वर्षीची जाहिरात निघेल तेव्हा तिच्यातील अटच प्रमाण मानावी. बीएच्या वर्गात बसून न्यायाधीशपदाच्या परीक्षेची पुस्तके विकत घेण्याची घाई मात्र नको. त्याऐवजी सुट्टीत चिपळूणच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून एखादी उलटतपासणी पूर्ण ऐका. दाराशी असलेल्या शिपायांना विचारले की कोणत्या दालनात साक्ष चालू आहे ते सांगतात.