‘चुकून’ झालेले पाप आणि त्याचे ‘प्रायश्चित्त’

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, मराठी पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, लेवीय या पुस्तकात कोणाच्या हातून चुकून पाप घडले तर याजक, म्हणजे पुरोहित, त्याच्यासाठी प्रायश्चित्त करतो आणि त्याला क्षमा होते, असे वारंवार येते. पण प्रायश्चित्त तर ज्याचे त्याने करायचे असते, मग येथे हा शब्द चुकीचा पडला आहे काय? त्यांची दुसरी शंका अशी की, जे नकळत घडले त्याला मुळात पाप का म्हणावे?

पहिली शंका रास्त आहे. मात्र शब्दाचा जो भाग आपल्याला खटकावा असे वाटते, तो प्रत्यक्षात नेमका जुळतो. आपल्या धर्मशास्त्रातही प्रायश्चित्ताचा पहिला विषय अजाणता झालेले पाप हाच आहे. ‘अकामतः कृते पापे प्रायश्चित्तं विदुर्बुधाः’ असे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात म्हटले असून, जाणूनबुजून केलेल्या पापालाही प्रायश्चित्त असते असे ‘काही जण’ मानतात, हे त्यापुढे जोडले आहे. बायबलमधील गणना या पुस्तकाचा पंधरावा अध्याय जवळपास हीच रेषा अधिक कठोरपणे ओढतो: चुकून पाप केलेल्यासाठी, मग तो स्वदेशीय असो वा उपरा, एकच नियम आणि एक वर्षाची बकरी, परंतु जो ‘हात उंचावून’, म्हणजे उद्दामपणे, पाप करतो त्याच्यासाठी तेथे अर्पणच सांगितलेले नाही, त्याचा लोकांतून उच्छेद व्हावा असे सांगितले आहे.

फरक आहे तो कर्त्यात. मराठीत शास्त्री प्रायश्चित्त देतात, दोषी ते घेतो आणि तोच ते करतो. उपास, जप, दान, जे काही असेल त्याचा भार त्याच्याच अंगावर पडतो. लेवीयात दोषी मनुष्य पशू आणतो, त्याच्या मस्तकावर हात ठेवतो, पण ‘प्रायश्चित्त करणे’ या क्रियापदाचा कर्ता याजक असतो आणि दोषी ‘त्याच्यासाठी’ म्हणून येतो. मूळ हिब्रू क्रियापद ‘किप्पेर’ आहे. त्याचा अर्थ काही अभ्यासक झाकणे असा, तर काही पुसून शुद्ध करणे असा करतात. त्यात तपाची किंवा देहदंडाची छटा नाही. क्षमा तर याजकही करत नाही. ‘त्याला क्षमा होईल’ या वाक्यात करणाऱ्याचे नाव नाही, कारण तेथे वापरलेल्या हिब्रू धातूचा कर्ता बायबलभर केवळ देव असतो. मराठी भाषांतरकारांनी येथे कर्मणी वळणाची रचना राखली आहे, ती मला योग्य वाटते.

‘चुकून’ या शब्दाबद्दल तर भाषांतरकारांचे कौतुकच करावे लागेल. मुळातला शब्द ‘शेगागा’ असा असून त्याच्याशी जवळचे असलेले क्रियापद बायबलमधील यहेज्केल या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात डोंगरोडोंगरी भटकणाऱ्या मेंढरांसाठी आले आहे. मराठीत वाटही चुकते आणि हिशेबही चुकतो. चुकलेला फकीर मशिदीत सापडतो तो याच अर्थाने. ‘नकळत’ हा शब्द तेथे अपुरा ठरला असता, कारण शेगागात नियम ठाऊक असूनही पाय घसरणे हेही येते. लेवीयाच्या पाचव्या अध्यायाच्या सतराव्या वचनात मात्र ‘त्याला ठाऊक नव्हते’ असे स्पष्ट म्हटले आहे, तेथे ‘नकळत’ शोभते.

आता दुसरी शंका. लेवीयाच्या चौथ्या अध्यायात पाप ही केवळ मनातली गोष्ट नाही. तिचा परिणाम पवित्रस्थानापर्यंत पोचतो, मग हेतू असो वा नसो. म्हणून माणूस जितका वरच्या पदावरचा, तितके रक्त आत न्यावे लागते. अभिषिक्त याजक किंवा सगळी मंडळी चुकली तर गोऱ्हा अर्पण करून त्याचे रक्त दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, आतल्या पडद्यासमोर सात वेळा शिंपडायचे. अधिपती चुकला तर बकरा, सामान्य मनुष्य चुकला तर बकरी किंवा मेंढी, आणि या दोघांचे रक्त बाहेरच्या वेदीच्या शिंगांना लावले की पुरे. पुढच्या अध्यायात गरिबाला दोन पारवे चालतात, तेही न जमले तर एफाचा दहावा हिस्सा, म्हणजे अदमासे दोन लिटर, सपीठ, तेल आणि धूप न घालता. रक्तावाचून क्षमा नाही असे सरसकट सांगणाऱ्यांनी हे सपीठ विसरू नये. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायातही त्या विधानाआधी ‘बहुतेक’ असा शब्द आहेच. पवित्र वस्तूंच्या बाबतीत चुकून अपराध झाला तर मेंढ्याबरोबर नुकसानीची भरपाई आणि वर पाचवा हिस्सा द्यावा लागतो. आपल्या पेढीवरचे ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ याच्या बरेच जवळ जाते, कारण तेथेही हेतू शुद्ध म्हणून आकडा सुटत नाही.

नव्या करारातही अज्ञान म्हणजे निर्दोषपणा नव्हे. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात धन्याची इच्छा ठाऊक नसलेल्या चाकराला फटके थोडे बसतात, पण बसतात.

गोव्यात हा गोंधळ अधिक होतो, कारण येथे कोकणीतला ‘प्राचीत’ हा शब्द रोजच्या कानावरचा आहे. कुमसाराच्या, म्हणजे पापांची कबुली देण्याच्या, वेळी पाद्री प्राचीत देतो आणि कुमसार करणारा ते पाळतो; ही रचना आपल्या जुन्या मराठी प्रयोगासारखीच आहे, लेवीयातल्यासारखी नाही. म्हणजे एकाच शब्दाला येथे दोन कामे आहेत. तेवढ्यासाठी शब्द टाकावा असे मला वाटत नाही. १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर येथे छापलेल्या क्रिस्तपुराण या मराठी ख्रिस्ती काव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला, आणि संदर्भाने त्याचा अर्थ सांभाळला. आपणही ‘याजक त्याच्यासाठी प्रायश्चित्त करतो’ असेच लिहावे. फक्त ‘त्याच्यासाठी’ हे पद गाळू नये, आणि ‘प्रायश्चित’ असे एका त-चे रूप लिहू नये.