आधी भोक कुठल्या बाजूला आहे ते पाहा

प्रश्न : माझ्या सायकलचं मागचं चाक सारखं पंक्चर होतं. कुणी सांगतं ट्यूबमध्ये दूध सोड, कुणी म्हणतं मैद्याची खळ घाल, कुणी जुनी ट्यूब चिरून टायरच्या आत बसवायला सांगतं. सीलंट (ट्यूबमध्ये सोडायचं, भोक बुजवणारं द्रव) विकत न आणता घरच्या घरी काय करता येईल?

उत्तर : दूध पिण्यासाठी ठेवा. दूध किंवा खळ ट्यूबमध्ये गेली की बारीक भोक थोडे दिवस बुजतं, हे खरं. पण दोन्ही आत नासतात आणि व्हॉल्व्हमध्ये गुठळ्या अडकून हवा भरणंच अवघड होतं. पुढच्या वेळी ट्यूब उघडेल त्या माणसाचे हाल वेगळेच. वासासकट!

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही : भोक पडतं कुठे? मागच्या चाकावर वजन जास्त असल्याने पंक्चरं तिकडेच जास्त होतात, पण ‘सारखं’ पंक्चर होण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण पुन्हा पुन्हा काम करत असतं. म्हणून पुढच्या खेपेला ट्यूब काढण्याआधी टायरवर व्हॉल्व्हच्या लगत खडूने खूण करा आणि ट्यूबची उजवी-डावी बाजू लक्षात ठेवा. भोक सापडलं की ट्यूब टायरवर होती तशी धरून पाहा.

भोक रस्त्याच्या बाजूला आणि दर वेळी त्याच जागी असेल, तर काटा, काच किंवा तार अजून टायरमध्येच आहे. मोठ्या गाड्यांच्या झिजलेल्या टायरमधून पडणारी पोलादी तार तर केसाइतकी बारीक असते, वरून दिसत नाही. बोटाने चाचपू नका, बोट कापेल. कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवा. तंतू जिथे अडकतील तिथे टायर उलटा वाकवा, टोक वर येतं. मग चिमट्याने ओढून काढा.

भोक रिमच्या बाजूला असेल, तर रस्त्याला दोष देऊ नका. आऱ्यांची टोकं टोचताहेत किंवा त्यांची भोकं झाकणारी रिमपट्टी सरकली आहे. इथे घरचा उपाय उत्तम चालतो : जुन्या बारीक ट्यूबची अरुंद पट्टी कापून रिमभर ताणून बसवा किंवा कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. वायरला लावतात ती प्लॅस्टिकची टेप नको, उन्हात तिचा चिकटा सुटतो आणि ती सरकते.

शेजारी-शेजारी दोन भोकं असतील, तर हवा कमी होती. खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चेपली गेली. यावर ट्यूबमध्ये काहीही ओतलं तरी उपयोग नाही. टायरच्या बाजूवर हवेच्या दाबाचा आकडा पीएसआय किंवा बार या मापात छापलेला असतो (१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय). त्या मर्यादेत हवा ठेवा, आठवड्यातून एकदा दाब मोजणारा गेज लावून तपासा. अंगठ्याने दाबून ‘टाइट आहे’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

राहिली ट्यूब चिरून लावायची गोष्ट. काट्यांवर हा उपाय खरा आहे, मीही लावतो. जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, बाकीची लांबीत चिरून उघडा, पुसून कोरडी करा. पट्टी रस्त्याला टेकणाऱ्या भागाइतकीच रुंद हवी. टोकं एकमेकांवर चढू देऊ नका, त्या जाड कडेने आतली ट्यूब घासून नवंच पंक्चर होतं. कडा काचकागदाने पातळ करून घ्या. बाटलीचं प्लॅस्टिक कापून लावणारे असतात, पण त्याची धार ट्यूब कापते, ते नकोच. चाक थोडं जड होईल, आणि लांब खिळा यातूनही आत शिरेलच.

प्रश्न : ट्यूबला टॅल्कम पावडर लावली की पंक्चर टळतं का?

उत्तर : काट्याचं नाही. पावडरमुळे ट्यूब टायरला चिकटत नाही आणि बसवताना घडी पडायची शक्यता कमी होते. घडी पडली की तिथेच ट्यूब झिजते. ट्यूबवर हलका हात फिरवण्यापुरतीच घ्या, टायरमध्ये ढीग ओतू नका. ओलाव्यात तिचे गोळे होतात.