घर-दुरुस्ती, तुमचे प्रश्न : तांब्याच्या छपराला स्क्रू नको

प्रश्न : अमळनेरला आमचा जुना वाडा आहे, देवघर आणि ओसरीवरचे जस्ताचे पत्रे पार गंजले. मुलगा म्हणतो आता तांब्याचं उभ्या घडीचं छप्पर करू, एकदाच काय तो खर्च. फॅब्रिकेटर म्हणतो नेहमीच्या पत्र्यासारखं वरून स्क्रू मारून देतो, स्वस्तात होईल. ऐकावं का? आणि तांबं हवेत हळूहळू हिरवं पडतं म्हणतात, ते कधी होणार?

उत्तर : भाऊ, स्क्रूचं अजिबात ऐकू नका. या छपराचा सगळा जीवच याच्यात आहे की पत्र्याला वरून एकही भोक पडत नाही. पट्टीच्या दोन्ही कडा साधारण इंचभर उभ्या करायच्या, शेजारच्या पट्टीची कड त्यावर दुमडायची, परत एकदा दुमडायची, आणि त्या घडीच्या आत लपलेल्या क्लिपा खाली प्लायला ठोकलेल्या असतात, त्यांनीच सगळं छप्पर धरून ठेवलेलं असतं.

आता आपल्या खान्देशातलं ऊन बघा. मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि जानेवारीच्या पहाटे तोच पत्रा १० अंशांवर येतो. तापमानात ६० अंशांचा फरक धरला तर २० फुटी तांब्याची पट्टी ६ मिलिमीटर लांब-आखूड होते. स्क्रूने जखडली तर ती सरकणार कुठे? भोक लांबट होतं, वॉशर सैल होतो आणि पावसाळ्यात ओसरी गळायला लागते. म्हणून थोड्या क्लिपा पक्क्या आणि बाकीच्या सरकत्या, हे कारागिराकडून आधी वदवून घ्या, तो गोंधळला तर दुसरा बघा.

क्लिपा-खिळे तांब्याचे नाहीतर स्टेनलेसचे, साधं लोखंड नको, तांब्याला टेकलेलं लोखंड ओलाव्यात लवकर गंजतं. आणि खालची जुनी जस्ताची पन्हळ पण काढाच! तांब्यावरून उतरणारं पाणी जस्त खातं, हे बरेच जण विसरतात.

खर्चाचं म्हणाल तर ०.६ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साधारण ५.४ किलो भरतो. ३०० चौरस फुटाला १५० किलो, वर घड्यांचं धरून १७०-१७५, त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणा, मजुरी वेगळी. मला तरी वाटतं सध्या देवघरापुरतंच करावं, पण नीट करावं. खाली सलग प्लाय हवाच, तांबं मऊ असतं, वानरं नाचली की पोचे पडतात. प्लायखाली उष्णता अडवणारा थर पण टाका, नाहीतर देवघरात बसवणार नाही.

हिरव्याची घाई नको. कॅनडातल्या ओटावाच्या संसदेची हिरवी तांब्याची छपरं फोटोत दिसतात, तिथे पाऊस-बर्फ भरपूर. आपल्या कोरड्या हवेत आधी तपकिरी, मग गडद चॉकलेटी, आणि तसंच वर्षानुवर्षं राहील. चांगलंच दिसतं ते. अ‍ॅसिड-बिसिड लावून हिरवं करायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : तांब्याच्या छपरावरचं पावसाचं पाणी प्यायच्या टाकीत घेतलं तर? तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं म्हणतात ना. (चोपडा)

उत्तर : नको ताई. भांडं आपण रोज घासतो, छप्पर कोण घासणार? पाण्यात किती तांबं उतरलं ते कळत नाही, शिवाय धूळ आणि पाखरांची घाण असतेच. अंगण धुवायला बिनधास्त वापरा. मासे असलेल्या हौदात मात्र सोडू नका, तांबं माशांना फार लवकर बाधतं.