आजीची तारीख कोणती?

प्रश्न: माझी आजी बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कळव्याच्या मराठी शाळेत बाई होती. निवृत्तीनंतर वस्तीतल्या बायकांना सही करायला, बसची पाटी वाचायला शिकवायची. गेल्या सप्टेंबरात रात्री नऊच्या सुमारास गेली. बाबा म्हणतात, स्मृतिदिनाला इंग्रजी तारीखच धरू. इस्रायलमधल्या अश्दोदची आत्या म्हणते, आपल्या ज्यू पंचांगाची हिब्रूच. त्यात माजी विद्यार्थ्यांना हॉल घेऊन फोटोला हार घालायचाय. आत्याला ते मुळीच पसंत नाही. काय करू? – एक नात, ठाणे

उत्तर: आत्याचं अर्धं बरोबर आहे गं. घरचा यार्तझाइट, म्हणजे स्मृतिदिन, हिब्रू तारखेलाच. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे रात्री नऊला गेलेल्या आजीला पुढल्या दिवसाची हिब्रू तारीख लागते. घरोघरी घोळ होतो तो इथेच. त्यात महिने चंद्राचे आणि अधिक महिनाही, त्यामुळे इंग्रजी तारखेशी दरवर्षी दहा-वीस दिवसांचं मागेपुढे होणारच. टेंभी नाक्याला, आपल्या १८७९ सालच्या शाआर हाशामायीम सिनेगॉगमध्ये जा, तारीख आणि वेळ दोन्ही सांग, ते काढून देतील. आदल्या संध्याकाळी दिवा लावायचा, तो दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत तेवायला हवा. तेल बेताचं नको. बाबांना कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायचं तर मिन्यान हवं, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. आधल्या आठवड्यातच सांगून ठेव. आडवारी दहा जण जमवताना काय दमछाक होते, ते आमच्या घरानं पाहिलंय.

आता हार. आपल्यात फोटोला हार घालत नाहीत, खरं. पण ज्यांना तुझ्या आजीनं बाराखडी गिरवायला लावली त्यांच्यात घालतात, आणि बाई त्यांचीही होती. सिनेगॉगमध्ये आपली रीत, हॉलमध्ये त्यांची. तिथे इंग्रजी तारीख चालेल, बाबांचंही समाधान. फक्त शब्बाथ, म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार नको, आणि सप्टेंबर आहे तेव्हा रोश हशाना, योम किप्पूर हे आपले सण कधी येतात ते बघून हॉल घे. खाण्याचं तूच बघ, म्हणजे आत्याला कोशेरची, आपल्या खाण्याच्या नियमांची, काळजी नको. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर केळी-सफरचंदाच्या फोडी: आपल्या प्रार्थनेच्या मलिद्यातला हा गोड घास सगळ्यांना चालतो.

भाषणं मात्र दोनच ठेव. ‘बाई फार प्रेमळ होत्या’ हे वीसदा ऐकून तुला काय मिळणार? (चाळीस वर्षं शिकवून सांगते, वर्गात कुणी इतकं प्रेमळ नसतं.) त्यापेक्षा एका कोपऱ्यात फोन घेऊन बस आणि विचार: छडी होती का? गृहपाठ विसरलं की काय म्हणायच्या? पावसात लोकल बंद पडल्या तर शाळेत कशा यायच्या? त्या वस्तीतल्या बायकांना आधी बोलाव. त्या स्टेजवर बोलणार नाहीत, तुझ्याशी बोलतील.

आत्याला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं तर कार्यक्रम संध्याकाळी साडेसातला ठेव. तिकडे पाच वाजलेले असतात. हाराचं आधीच सांगून टाक, ऐनवेळी पडद्यावर दिसायला नको.